आक्काचा खुबा आणि नागपूरचा मुक्काम

इचलकरंजीहून निघताना खिशात भाऊजींचं पोस्टकार्ड होतं. 'खुब्याचा सांधा बदलून चार वर्षं झाली. डॉक्टरनं दर वर्षी बोलावलं होतं. तुझी बहीण एकदाही गेली नाही. तू ये.' भाऊजी एरवी महिन्याभरात एवढं बोलत नाहीत.

नागपूरला उतरलो तेव्हा वाजले होते सकाळचे नऊ, ऊन मात्र दुपारचं. सक्करदऱ्यातल्या घरी आक्का दारातच उभी.

"काहून (का) आला गा? कोणी गेलं का?"

"तुला डॉक्टरकडे न्यायला आलोय."

"मले काही होऊन नाही राहिलं. दुखत नाही त दाखवू काय?"

तीस वर्षांपूर्वी आम्हा विणकरांच्या घरातून इथल्या विणकरांकडे आलेली आक्का बोलीनं पुरती नागपुरी झाली आहे. हट्ट मात्र माहेरचाच.

विषय बदलायला तिनं पाटवडी रस्सा (बेसनाच्या वड्या आणि जहाल आमटी) वाढला. दुसऱ्याच घासाला माझे कान पेटले. आमच्याकडच्या तिखटाचा अभिमान तिथंच गळून पडला.

"उद्या येत नसशील तर मी जेवणार नाही," मी म्हणालो.

माझं तोंड पाहून तिला ते तिखटाचं निमित्त वाटलं. पण भाऊजींनीही मुकाट्यानं ताट सारलं, तेव्हा ती हबकली.

सकाळी सायकलरिक्षा आणली. तिची बैठक आक्काला खोल पडे, म्हणून दोन उशा घातल्या. रिक्षावाल्यानं विचारलं, "माय, झोपायले चालल्या का?"

"नाही गा, भांडायले!"

दवाखान्यात खुब्याचा नवा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी जुना मागितला.

"खिडकीले लावला जी. काच फुटली होती."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "खाली उकिडव्या बसता?"

"छे, छे!"

मी दुसरा पेला पाणी पीत होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"कालचा रस्सा. आक्कानं मसाला स्वतः पाट्यावर..."

"पाटा ओट्यावर असतो का?"

आक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, की परतीची गाडी आजच धरावी असं वाटलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. "सांधा जागेवर आहे. पण सांध्याच्या वाटीच्या कडेला ही बारीक रेघ दिसते. ती दुखत नाही, म्हणूनच फोटो लागतो. वाढली तर सांधा सैल होऊ शकतो; वाढते का ते बघू. सहा महिन्यांनी या, जुना फोटोही आणा. आणि पाटा बंद."

परतताना तिनं पाठीमागची उशी सारखी केली. मग हळूच म्हणाली, "मले भेव वाटे गा. पुन्हा कापा म्हणतील, म्हणून नाही गेली." मी तिचा हात धरला. चार वर्षं तिनं हे भाऊजींनाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी खिडकीला काच बसवली आणि पाटा शेजारी देऊन टाकला. आक्का दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना फरक कळला नसावा.

घरी परतलो तेव्हा बायकोनं विचारलं, "काय काय पाहिलंत?"

तलाव पाहिला नाही, किल्ला पाहिला नाही. पाहिला तो आक्काचा खुबा, उजेडासमोर धरलेला. एवढी धीट बाई कशाला घाबरते, ते मला पन्नाशीत कळलं. मग मी कपाटातून माझी रक्तदाबाची चिठ्ठी काढली. तीही दोन वर्षं जुनी निघाली.