गुलाबी पडलेले दाणे

खुलताबादच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक वायरमन येऊन बसला. खाकी शर्ट, कमरेला पक्कड, आणि नजर थेट माझ्या हातातल्या कुपीवर.

मी कोबाल्टची संयुगं करते. त्यांच्यातून प्रकाश सोडायचा आणि कोणता रंग शोषला गेला त्यावरून आतल्या इलेक्ट्रॉनची मांडणी ओळखायची, हे माझं संशोधन. पण महिनाभर आलेखात एक नको तो उंचवटा येत होता. सर म्हणाले होते, "संयुगच चुकलंय. सोडून दे." वैतागून मी त्या निळ्या द्रावणाची कुपीच घरी घेऊन निघाले होते.

वायरमननं ती सरळ हातातून घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि नखानं दोनदा टिचकी मारली.

"निळ्याला गुलाबी झाक आलीय, ताई. पाणी शिरलंय."

"अहो, स्वच्छ धुऊन भरलीय!"

"धुतली व्हय. पण सुकवली का?" मग तो रंगातच आला. "आमच्या डीपीवर, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला, हवेतली ओल धरायला काचेच्या बरणीत निळे दाणे असत्यात. दमट झाले की गुलाबी पडत्यात. मंग कढईत भाजायचे, परत निळे! लई सोपं हाय."

कोरडा निळा, ओला गुलाबी: कोबाल्टच तो! माझाच कोबाल्ट, खांबावर चढून बसलेला! मी पुढच्याच थांब्यावर उतरले आणि उलट्या बसनं प्रयोगशाळा गाठली. सगळी काचेची भांडी ओव्हनमध्ये खडखडीत सुकवली, द्रावण नव्यानं केलं. उंचवटा गायब!

सरांनी आलेख डोळ्यांजवळ नेला. "कुठं वाचलंस हे?"

"वाचलं नाही, सर. बसमध्ये शेजारी येऊन बसलं."