खिडकीजवळची जागा

रुपराव चरडे यांना कुणाचा हेवा करायची सवय नव्हती. महाल भागातल्या त्यांच्या सायकलच्या दुकानासमोर दुसरं, मोठं दुकान निघालं तेव्हाही ते त्या मालकाशी रोज चहा पीत. त्यांना जन्मात एकाच माणसाचा हेवा वाटला, तो म्हणजे स्वतःच्या बायकोचा.

रुपरावांना विमानांचं वेड होतं. रविवारी दुकान बंद करून ते आणि शेजारचे भैय्याजी सायकलींवर सोनेगावला जात आणि विमानतळाच्या तारेच्या कुंपणाशी उभे राहत. आवाजावरून विमान कुठलं ते रुपराव सांगत. दुकानात पंक्चर काढत असताना वरून विमान गेलं, तर गिऱ्हाइकाला तसंच सोडून रस्त्यावर येत. एकदा तरी वरून खाली पाहायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गोपिकाबाईंना यातलं काही नव्हतं. त्यांचं माहेर खाप्याचं. तिथे जाणाऱ्या बसमध्येही त्यांना मळमळायचं, म्हणून त्या दारापाशी बसत. १९७२ साली मुंबईला त्यांच्या मुलीला, ताराला, मुलगी झाली. जावयानं मोठ्या हौसेनं बारशासाठी दोघांची विमानाची तिकिटं पाठवली, तेव्हा गोपिकाबाई म्हणाल्या, आपण रेल्वेनंच जाऊ. रुपरावांनी ऐकलं नाही. बायकोला विमानात त्रास होणार हे धरून त्यांनी लिंबं घेतली, आवळासुपारी घेतली, एक जुना टॉवेल घेतला. विमानात बसल्यावर घाबरायचं नाही, सुरुवातीला जरा धक्का बसतो, मग काही कळतसुद्धा नाही, असं ते आठवडाभर तिला समजावत होते. स्वतः कधी बसले नव्हते, तरी.

निघायच्या दिवशी भैय्याजी पोचवायला आले. कुंपणापलीकडे उभे राहून हात हलवत राहिले. रुपराव ताठ मानेनं शिडी चढले आणि खिडकीजवळच्या जागेवर बसले.

दार बंद झालं आणि त्यांना कसंतरी व्हायला लागलं. आत पेट्रोलसारखा वास होता, हवा कोंडलेली होती. पट्टा कसा लावायचा ते हातांना सुचेना. गोपिकाबाईंनी पुढच्या बाईकडे पाहून आपला लावला, मग त्यांचाही लावून दिला. विमानातल्या मुलीनं गोळ्या आणि कापसाचे बोळे असलेलं ताट पुढे केलं. रुपरावांनी गोळी घेतली, ती मुठीतच राहिली. विमान धावायला लागलं तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. जमीन सुटली. पोटातलं सगळं गळ्याशी आलं, कान बंद झाले. खिडकीत एकदम आभाळ तिरपं झालं आणि त्यांनी डोळे गच्च मिटले.

"गोपिका, तू इकडे बस वं," ते म्हणाले.

"काहून? तुम्हालेच तं पाह्यचं होतं."

"मले गरगरून राहिलं."

विमानातल्या मुलीनं उठायला हरकत नाही असं सांगितल्यावर दोघांनी जागा बदलल्या. गोपिकाबाईंनी लिंबू काढून त्यांच्या नाकाशी धरलं. गोळी तोंडात टाका, चोखत राहा, थुंकी गिळा म्हणजे कान मोकळे होतील, असं त्या मुलीनं सांगितलेलं त्यांनी नवऱ्याला दोनदा सांगितलं. कागदी पिशवी लागली तेव्हा ती धरली, टॉवेलनं त्यांचं तोंड पुसलं. ते जरा निवले तसा त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. मुंबई येईपर्यंत त्यांनी तोंड वळवलं नाही. मध्ये आलेला नाश्ताही त्यांनी बाहेर पाहत पाहतच खाल्ला, नवऱ्याच्या वाटचासुद्धा.

येताना ते रेल्वेनं आले. तोवर गल्लीत त्यांच्या विमानप्रवासाची बातमी पोचली होती. दुपारी बाया गोपिकाबाईंच्या ओट्यावर जमल्या. त्यांना बोलायची फारशी सवय नव्हती, पण त्या दिवशी त्या छान बोलल्या. ढग वाळत घातलेल्या पापडांसारखे दिसत होते आणि प्रत्येकाची सावली खाली वावरात पडलेली होती. आमच्या इमानाचीही सावली होती, चिमणीएवढी. ती आमच्यासंगं पळून राहिली होती. नदी आली तं नदीवरूनही गेली.

रुपराव ओट्याला लागूनच्या दुकानात चाकाच्या तारा कसत हे ऐकत होते. विमानाची सावली त्यांना माहीतच नव्हती. इतकी वर्षं विमानं पाहिली, पण वरून आपली सावली दिसत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. ते त्यांच्या छातीत रुतलं. त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळी भैय्याजी आले ते दुकानात न थांबता सरळ आत गेले आणि म्हणाले, वहिनी, सावलीचं काय ते पुन्हा सांगा.

त्यानंतर रुपराव घरात तिरकं बोलू लागले. भाजीत मीठ कमी पडलं की म्हणत, आमच्या बाई अजून खाली उतरल्या नाहीत. कुणी विमानाबद्दल विचारलं तर म्हणत, बायकांचं काय, गोधडीवरची नक्षी पाहिल्यासारखं पाहतात. गोपिकाबाईंनी सांगायचंच सोडून दिलं. काटोलहून त्यांची बहीण सुभद्रा मुद्दाम ऐकायला आली, तर तिला नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या, यायले विचार, यायले जास्त माहीत आहे. सुभद्रा रुपरावांकडे वळून बसली. रुपराव काहीतरी काम काढून बाहेर गेले.

ती गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. गोपिकाबाई तांदूळ निवडत होत्या.

"मी डोळे उघडलेच नाही," रुपराव म्हणाले. "मले काहीच नाही दिसलं."

"मले माहीत आहे."

"मंग सांग ना. सुरुवातीपासून."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं. ऐकून बरं वाटेल असं रुपरावांना वाटलं होतं, पण तसं झालं नाही. तिनं जितकं नीट सांगितलं तितकं ते तिचंच आहे, हे त्यांना जास्त कळलं. तिरकं बोलणं मात्र त्यांनी बंद केलं.

तीन-चार वर्षांनी जावयानं पुन्हा तिकिटं पाठवली. या वेळी रुपरावांनी सकाळी तेलकट खाल्लं नाही. पट्टा लावायचा सराव घरी कमरेच्या पट्ट्यावर केला होता. गोळी वेळेवर तोंडात टाकली, विमान उठताना समोरच्या खुर्चीच्या शिवणीकडे बघत श्वास मोजले. जीव घाबरा झाला, पण पिशवी लागली नाही. खिडकी गोपिकाबाईंकडे होती. आदल्या दिवशीच्या बांधाबांधीनं त्या दमल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांचा डोळा लागला आणि डोकं रुपरावांच्या खांद्यावर आलं.

रुपरावांनी हळूच मान पुढे केली. आधी नुसतंच पांढरं होतं. मग ढग फाटले आणि खूप खाली एक नदी, नदीवर पूल आणि पुलावरून जाणारी आगगाडी दिसली. सुतळीच्या तुकड्याएवढी गाडी आणि तिचा धूर मागे लोंबत होता. गाडी जागची हलत नाही असं वाटत होतं, तरी ती पूल ओलांडत होती. त्यांनी नजर काढली नाही. शेवटचा डबा पुलावरून उतरेपर्यंत ते पाहत राहिले.

बायकोला उठवावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी उठवलं नाही.

गोपिकाबाई जाग्या झाल्या तेव्हा खिडकीत पुन्हा ढग होते. काही दिसलं का, त्यांनी विचारलं.

"नाही," रुपराव म्हणाले. "ढगच होते सारे."