इमानाची दाढ

जगातलं खरंखोटं ओळखायचं यंत्र देवाने माणसाच्या तोंडातच, उजवीकडे खाली, शेवटून दुसरं बसवून दिलं आहे, अशी पक्की श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे अकोल्याचे भाऊजी. धान्य बाजारात त्यांची लहानशी अडत. शेतकऱ्याचा माल त्यांच्या ओट्यावर उतरायचा, डाळ मिलवाले तो घ्यायला यायचे, आणि दोघांच्या मधोमध भाऊजींची दाढ. पोत्यातून तुरीचे चार दाणे काढायचे, एक उजव्या दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि दाबायचा. टक्क करून फुटला तर तूर कोरडी; मुकाट चपटा झाला तर ओली. ओल्या तुरीला भाव कमी, म्हणून त्या एका आवाजासाठी दोन्हीकडची माणसं बोलणं थांबवून उभी असायची. भाऊजी डोळे उघडून निकाल द्यायचे आणि त्यावर कोणी अपील केल्याचं ऐकिवात नाही. डाव्या बाजूने ते फक्त जेवायचे. "डावी बाजू पोटाची, उजवी इमानाची," असं ते जेवतानाच सांगायचे, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नीट कळायचं नाही.

ही दाढ बाजारापुरती राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण भाऊजी लग्नात अक्षता टाकण्याआधी त्यातला एक तांदूळ चावून पाहत आणि मंगलाष्टकं चालू असताना शेजारच्याला सांगत, "जुना हाय. पोरीच्या बापानं कोठीतला काढला." माझ्याकडे अमरावतीला आले की चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. मी महिन्याचं सामान डब्यांवर चिठ्ठ्या लावून, तारखा घालून ठेवते. त्यांनी एक चिठ्ठी कधी वाचली नाही. प्रत्येक डब्यात हात घालायचा, दाणा तोंडात टाकायचा आणि ताईला हाक मारून म्हणायचं, "तुही बहीण शिकलेली आहे ना, मंग हरभऱ्यात कावून फसली?" आमच्या एका भाचीचं लग्न ठरवायला गेलो तेव्हा आम्ही मुलाची नोकरी, घर, स्वभाव असं सगळं क्रमाने विचारत होतो. भाऊजी मधेच उठून मुलाकडच्यांच्या कोठीत गेले, ज्वारी चावून बाहेर आले आणि म्हणाले, "देऊन टाका पोरगी. दाणा कोरडा ठेवते हे घर." भाची आज सुखात आहे, त्यामुळे या विषयावर त्यांच्याशी वाद घालायची सोय उरलेली नाही.

बाजारात ओल मोजायचं मीटर आलं तेव्हा भाऊजींनी त्याचं नाव "डब्बा" ठेवलं. डब्ब्याला म्हणे सेल लागतात, आणि ज्याला सेल लागतात त्याला इमान नसतं. मीटर दुकानात आलं, हार घालून फळीवर बसलं आणि तिथेच बसून राहिलं.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पाऊस एकतर यायचा नाही, नाहीतर तूर कापून रचून ठेवली की त्या गंजीवरच यायचा. मुंबई-दिल्लीची माणसं गाड्या भरून पाहायला यायची आणि जाताना "पॅकेज" हा शब्द ठेवून जायची. असल्याच एका हंगामात पातूरच्या एका पोत्यातल्या खड्यावर भाऊजींची ती दाढ उभी चिरली. दाढ काढावी लागली, आणि तिच्या जागी नवी बसवायची ठरली. अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरांशी त्यांनी एकेक करून भांडून घेतलेलं होतं, म्हणून ते अमरावतीला माझ्याकडे आले. मी विचारायचे प्रश्न कागदावर लिहून घेतले आणि त्यांना दवाखान्यात नेलं. दारावरच पाटी होती: "इम्प्लांटचे खास पॅकेज." भाऊजी पाटीकडे पाहत म्हणाले, "इथंबी पोचलं काय?"

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने काही विचारायच्या आत भाऊजींनीच तिचं गाव विचारून घेतलं.

"वरूड, काका."

"संत्र्यावाले. मंग दाताचं काय करता तुमी? संत्र्याले दात लागतेच कुठं?"

तिने ते सोडून दिलं. "मधुमेह आहे?"

"आहे. पन मले तरास नाही देत."

"तंबाखू?"

"बंद केली."

"कधीपासून?"

"तुमच्या पायऱ्या चढलो तवापासून."

मग तिने नीट समजावून सांगितलं, आणि जे कोणी असा दात बसवायच्या विचारात असतील त्यांनी हे भाऊजींपेक्षा बरं ऐकावं. आधी जबड्याचं हाड पुरेसं आहे का ते तपासायचं. मग हाडात स्क्रू बसवायचा. हाडाने तो धरायला काही महिने जातात, मग त्यावर दात. तोवर त्या बाजूने कडक काही चावायचं नाही. साखर आटोक्यात हवी, तंबाखू कायमची बंद. स्क्रूवरचा दात किडत नाही म्हणून घासायचा कंटाळा करायचा नाही, कारण हिरडी बिघडली की स्क्रूही ढिला होतो. माझ्या कागदावरचे प्रश्न एकेक करून मिटत होते. शेवटी ती म्हणाली, "आणखी एक. खऱ्या दाताच्या मुळाभोवती पातळ गादीसारखा पडदा असतो. किती दाब पडला ते त्याला कळतं. इथे तो नसणार. त्यामुळे चावताना पहिल्यासारखं कळणार नाही."

"म्हंजे ठणकनार नाही," भाऊजी म्हणाले.

"ठणकणार नाही, पण…"

"मंग बसवा."

त्या "पण"च्या पुढे काय होतं ते मी त्यांना रिक्षात सांगितलं, जेवताना सांगितलं, अकोल्याच्या गाडीत बसवतानाही सांगितलं. ते खिडकीतून म्हणाले, "साळीबाई, लोखंडाले कायचं कळते? कळते ते मानसाले."

दाढ धरेपर्यंतचे महिने भाऊजींनी मौनव्रत घेतल्यासारखे काढले. लोक म्हणाले, डाव्या बाजूने चावा. पण पोटाच्या बाजूने निकाल देणं त्यांना लाच घेण्यासारखं वाटत होतं. शेवटी स्क्रूवर दात बसला, तुरीचा हंगाम आला, ओट्यावर नारळ फुटला आणि भाऊजींनी पुन्हा डोळे मिटले.

त्या वर्षी अकोल्याला सगळीच तूर कोरडी निघाली. पातूरची कोरडी, बार्शीटाकळीची कोरडी, गंजीवर पाऊस पडलेलीही कोरडी. नव्या दाढेखाली काहीही घातलं की ते फुटायचं, आणि किती जोर लागला ते भाऊजींना कळायचं नाही. शेतकऱ्यांना मात्र दोन दिवसांत कळलं. दुसऱ्या अडतीसमोरच्या गाड्या वळून भाऊजींच्या ओट्याला लागल्या. ताईने फोनवर अभिमानाने सांगितलं, "यांच्या दाढेला काय मान आहे म्हणून सांगू."

संक्रांतीला मी अकोल्याला गेले. तिळगूळ वाटून झाला होता, भाऊजी लाडू उजवीकडे फोडून "तीळ चांगला भाजला" असं सांगत होते, तेवढ्यात हाजीसाहेब आले. हे डाळ मिलवाले, भाऊजींचे जुने खरेदीदार आणि त्याहून जुने मित्र. भाऊजींच्या निकालानंतर त्यांनी इतक्या वर्षांत पोत्यात हात घातला नव्हता. त्यांनी तिळगूळ घेतला, ताईला आशीर्वाद दिला, आणि रुमालाची गाठ सोडून मूठभर तूर भाऊजींसमोर ठेवली.

"दादा, गुस्सा नका करू. हे पाहा जरा."

भाऊजींनी दाणा उजवीकडे टाकला. "कोरडी."

"आता डावीकडून पाहा."

"हाजी, डावीकडून मी बोलत नाही."

"बोलू नका. सिर्फ चावा."

भाऊजींनी चावला. आवाज आला नाही. त्यांनी दुसरा घेतला, मग तिसरा. डोळे मिटलेलेच ठेवले. हाजीसाहेब हळूच म्हणाले, "मिलमधी डाळ चिकटून राहिली, दादा. मले वाटलं मशीनच खराब आहे. महिनाभर मशीनलेच शिव्या देल्या."

"महिनाभर? मंग बोलले कावून नाही?"

"तुमच्या दातावर शक करू?"

भाऊजींनी उरलेली तूर रुमालात घेतली आणि गाठ स्वतः मारली. त्यांचा निकाल फिरलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि ते मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीही ताईबरोबर बाजारात गेले. भाऊजींनी फळीवरून मीटर काढलं, त्याचा हार काढला, सेल घातले आणि ओट्यावर उभं राहून जमलेल्यांना सांगितलं, "माहा दात खोटा झाला. आजपासून या डब्ब्यावर चला."

कोणी खूश झालं नाही. बार्शीटाकळीचा एक म्हातारा शेतकरी पुढे आला. "दादा, सरकारनं एवढं पॅकेज देलं म्हनते. आमच्यापर्यंत तुमची दाढच तेवढी पोचली. चालू द्या ना."

लोक हसले. भाऊजींनी आधी त्याच्याकडे पाहिलं. मग हाजीसाहेबांकडे पाहिलं, ते पायाखालची जमीन न्याहाळत होते. "काका," भाऊजी म्हणाले, "तुमच्यासाठी दात काढून देईन. पन खोटं नाही चावनार." म्हाताऱ्याचं पोतं मीटरवर लागलं आणि ओलं निघालं. तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. भाऊजींनी त्याला तूर वाळवायला आपल्या दुकानाची गच्ची दिली आणि ऊन कलेपर्यंत स्वतः फावडं फिरवत बसले.

आता भाऊजी अमरावतीला आले की स्वयंपाकघरात जातात, पण डब्यात हात घालत नाहीत. स्टुलावर बसतात. मी माझ्या डब्यांमध्ये एक डबा अख्ख्या तुरीचा मुद्दाम ठेवते. त्यावर चिठ्ठी नाही. परवा मी त्यातली मूठभर तूर त्यांच्यासमोर धरली, तर त्यांनी ती माझ्याकडेच लोटली.

"तू चाव, साळीबाई. उजवीकडून."

मी डोळे मिटले आणि दाबलं. टक्क. मला वाटलं, चांगला वाजला. डोळे उघडले तर भाऊजी मान वाकडी करून कान माझ्याकडे लावून बसले होते.

"अजून एक," ते म्हणाले. "जरा जोरानं. मले आयकू येऊन नाही राहिलं."