दर्भाचा कावळा

पिंड ठेवून बराच वेळ झाला होता आणि कावळे पिंपळावरून हलायला तयार नव्हते.

मी डोंबिवलीत पौरोहित्य करते. बँकेतून रिटायर झाल्यावर रीतसर शिकले. हेच काम करणाऱ्या पुरुषांना लोक गुरुजी म्हणतात, मला काकू. त्या सकाळी मोहने गावी नदीकाठी दहावं होतं. गेलेले गृहस्थ कारखान्यातले जुने फिटर. मागे एकुलती एक मुलगी, उज्ज्वला. घोडबंदर रोडची नोकरी सांभाळून तिनेच वडिलांचं आजारपण काढलं. अग्नीही तिनेच दिला.

दहाव्याला भाताच्या पिंडाला कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त झाला, असं मानतात. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली. मग घरचे हात जोडून एकेक शब्द देतात. घर विकणार नाही, असं सांगून झालं. त्यांच्या आवडीची जिलबी ठेवून झाली. कावळे ढिम्म.

शेवटी उज्ज्वलाचे काका पुढे झाले. माणूस प्रेमळ, रडून रडून आवाज बसलेला. "दादा, तुला मुलगा नव्हता असं कोण म्हणेल रे? ही पोरगी नाहीच, पोरगाच आहे तुझा. तूच म्हणायचास ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. वडील चारचौघांत तिची ओळख तशीच करून देत. नोकरी लागली, हा माझा मुलगा. हॉस्पिटलात उशाशी बसली, तरी हा माझा मुलगा. त्यांच्या लेखी याहून मोठं कौतुक नव्हतं.

काका तिला म्हणाले, "बाळा, आता तूच बोल. तुझ्यातच जीव अडकलाय त्याचा."

उज्ज्वला पिंडाकडे बघत म्हणाली, "त्यांची नाही काका, माझी इच्छा राहिलीय. एकदा तरी म्हणायला हवं होतं त्यांनी, माझ्या मुलीने केलं."

काका "वेडी पोर" म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. कावळा तेव्हाही आला नाही. गोष्टीत आला असता.

अशा वेळी दर्भाच्या गवताचा कावळा करून पिंडाला लावतात. मी तो वळून तिच्या हातात दिला. तिने टेकवला. काका म्हणाले, चला, सुटला. मंडळी पांगली. ती तिथेच बसून होती.

कावळ्याच्या जागी गवत चालतं, एवढी सोय शास्त्राने ठेवली आहे. मुलीच्या जागी आयुष्यभर मुलगा म्हटलं, तर मागाहून काही सोय नाही.