आधी पाणी, मग गूळ

हिराकाकू आमच्याकडे पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी रीतीप्रमाणे गुळाची वाटी आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्यांनी वाटी बाजूला सारली. "आधी पानी, मग गूल. गूल खाल्ल्यावर कंचंबी पानी ग्वाडच लागतं, बाय." एक घोट घेऊन म्हणाल्या, "तुज्या पान्याला कुजक्या पाचोल्याचा वास येतो."

मी नागावात नवी सून, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, भांडी रोज चिंचेने लख्ख घासणारी. पाहुण्याने असं तोंडावर सांगायचं?

हिराकाकू शेजारच्या वाडीत एकट्या राहत आणि सुपाऱ्या सोलून पोट भरत. दुसऱ्या दिवशी त्या करवंट्यांचा कोळसा घेऊन हजर. भोकं पाडलेली दोन मडकी एकावर एक रचली, वरच्यात धुतलेला कोळसा, खालच्यात वाळू, आणि तळाला रिकामा माठ. पाण्याचा वास खरोखर गेला! "कोलसा वास खातो," त्या म्हणाल्या, "पन त्यालाबी पोट हाय. भरलं की बदलायचा." मी दर पंधरवड्याला तारीख लिहून कोळसा बदलू लागले.

पोरांनो, तुमचा बाबा तीन वर्षांचा होता, त्या वैशाखात विहीर तळाला गेली आणि पाण्याला सडक्या अंड्यासारखी घाण येऊ लागली. मी नवा कोळसा भरला, पाणी दोनदा गाळलं. वास नाही, चव नाही. कुंपणावरून काकूंना हाक मारली, विहिरीची घाण घालवलीय, चाखून बघा म्हटलं. त्यांनी नेहमीसारखी गुळाची वाटी बाजूला ठेवली आणि अख्खा तांब्या संपवला.

"झकास! माज्यापरास हुशार झालीस की गो. इहिरीत काय व्हतं?"

"पाहिलं नाही. वास गेला ना!"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. ओटीवर तुमचा बाबा पेला तोंडाला लावत होता. त्यांनी धावत जाऊन त्याच्या हातावर असा फटका मारला की पेला तुळशीपाशी जाऊन पडला. पोर किंचाळलं.

"काकू! वेड लागलं का तुम्हाला?"

"माज्या गोविंदाला मी असंच पाजलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "वास काढून. तिसऱ्या दिशी हगवनीनं ग्येला. मागनं इहिरीत कुत्रं गावलं."

त्यांना एक मुलगा होता, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

त्याच दुपारी विहिरीत गळ सोडला. फुगलेलं मांजर वर आलं.

बाबाला काही झालं नाही. काकूंना संध्याकाळीच जुलाब सुरू झाले. अलिबागहून डॉक्टर आले, औषध दिलं, "वय झालंय," म्हणाले. पाणी माझ्या घरचं होतं, हे मी कोणालाच सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

चौथ्या दिवशी काकूंनी खुणेने पाणी मागितलं. मी घरून उकळून, निववून आणलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर मी आधी एक घोट घेतला. जमलेल्या बायका हबकल्या. "अगो, जात्या जिवाला उष्टं पानी देतेस?"

काकूंनी माझ्याकडे बघत तोंड उघडलं. दोन चमचे पोटात गेले. मग ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला.

"आता गूल दे."