चौथीतली सगळ्यांत हुशार पोरगी

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं असताना मी साकोली तालुक्यातल्या एका लहान गावी प्राथमिक शिक्षक होतो. शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी हेडगुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. हेडगुरुजी निवृत्तीला आलेले. मी भंडाऱ्याहून डी.एड. करून आलो होतो आणि सोबत पुस्तकांची एक ट्रंक आणली होती. तिच्या जोरावर मी स्वतःला गावातला शहाणा माणूस समजत असे.

दिवाळीनंतर तालुक्याला शिक्षकांचं शिबिर झालं. शिक्षणातलं संशोधन रोजच्या वर्गात कसं आणावं, हा विषय. स्वागतगीत झालं, हार झाले, हार घालणाऱ्यांचे आभार झाले. मुलांना वर्गात बोलू द्यावं, यावर एक साहेब दोन तास एकटेच बोलले आणि 'काही शंका?' असं विचारून उत्तर यायच्या आत खाली बसले. निघताना प्रत्येकाला सायक्लोस्टाइल केलेली दोन पानं मिळाली. माझी पानं मी एसटीत चिवड्याखाली घेतली. हेडगुरुजींनी त्यांची वाचली. स्टँडपासून गावापर्यंत चालताना म्हणाले, "साहेबाचं भाषण सोडा जी. हे लिहिणारा कोणत्या तरी वर्गात मागं बसून राहिलेला माणूस आहे."

त्यांची पानं घेऊन मग मीही वाचली. त्यांत लिहिलं होतं ते साधंच होतं. शिक्षक प्रश्न विचारतो आणि श्वासभरही थांबत नाही. मुलं एका सुरात उत्तर देतात, तेव्हा उत्तर दोन-चार जणांचं असतं आणि आवाज सगळ्यांचा. म्हणून थांबा, प्रत्येकाला पाटीवर लिहू द्या, पाट्या एकदम वर करायला सांगा. मग काय शिकवायचं ते ठरवा.

मला ते बोचलं, कारण एका सुरात म्हणणं ही माझ्या वर्गाची शान होती. शेतकऱ्याची एक पोरगी पुढे उभी राही, धड्यातली ओळ म्हणे आणि सगळा वर्ग ती मागून म्हणे. पुस्तक तिच्या हातात असे. अख्खा धडा कुठेही न अडता. तिचा बाप गावातल्या भजनी मंडळात हीच गोष्ट करी. तो पुढे म्हणे, बाकीचे मागून ओढत. त्याला अक्षर येत नव्हतं, पण भजनं किती येत होती याचा अंत लागत नसे. गावात विद्वत्ता ती हीच. मी त्याला मागेच सांगून बसलो होतो की तुमची पोरगी वर्गात सगळ्यांत हुशार आहे, चौथीनंतर सानगडीच्या शाळेत घाला. तिथे तिची मामी राहत होती. तो म्हणाला होता, "पास झाली तं पाठवीन. नाही तं वावरात हातच कमी हायेत."

हेडगुरुजी एका सकाळी माझ्या वर्गात आले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'म्हैस बोडीत का बसली?' बोडी म्हणजे गावाजवळचं लहान तळं. म्हैस आणि बोडी सगळ्यांच्या रोजच्या ओळखीची. "कोणी बोलू नका. उत्तर पाटीवर लिहा." आणि ते थांबले. इतका वेळ थांबले की मलाच घाम आला.

"पाट्या वर."

काही पाट्यांवर 'ऊन लागते म्हणून' असं होतं. बऱ्याच कोऱ्या होत्या. आणि त्या पोरीच्या पाटीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'म्हैस बोडीत का बसली?' तिने फळ्यावरचं चित्र काढावं तसं उतरवलं होतं. हेडगुरुजींनी तिच्याकडे पुस्तक दिलं आणि मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं. तिने धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.

दुपारी मी म्हणालो, "हे बाहेर कशाला काढायचं? परीक्षेत तोच धडा आला तर निभेल."

"तिची परीक्षा निभेल का आपली?" त्यांनी विचारलं. मग चप्पल घालून ते पोरीच्या घरी निघाले. मला मागे जावंच लागलं.

बाप खळ्यावर धान मळत होता. हेडगुरुजींनी सरळ सांगितलं, "पोरीले वाचता येत नाही. चूक आमची आहे. चार वर्षं आम्ही फक्त ऐकलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पहिली दोन वर्षं ती आपल्याच हाताखाली होती, एवढं मात्र सांगितलं.

बाप बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "म्हनजे माह्यासारखीच झाली म्हना की." मग म्हणाला, "सानगडीचं काय करू?"

"परीक्षेपर्यंत थांब."

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरायच्या अगोदर ती येऊ लागली. मुलाला जे आधीच येतं तिथून सुरू करा, असंही त्या पानांत होतं. हेडगुरुजींनी तिच्या बापाचं एक भजन फळ्यावर लिहिलं. तिने एकेका शब्दावर बोट ठेवून म्हणायचं. तोंड बोटाच्या कितीतरी पुढे धावे.

"बोट कुठं आहे?"

"येऊन राहिलं जी मागून."

"त्याले सोडून नको जाऊ. ते हरवते."

असं कित्येक आठवडे चाललं. मी आधी उपचार म्हणून बसत होतो, मग माझ्या इतर मुलांसाठी शिकत बसलो. रोज पाट्या वर होत आणि उद्या काय शिकवायचं हे मला ट्रंकेतल्या पुस्तकांपेक्षा त्या पाट्यांवरून कळू लागलं.

फाल्गुनात एकदा हेडगुरुजींनी भजनातला एक शब्द मुद्दाम बदलून लिहिला. तिचं बोट तिथे अडलं.

"गुरुजी, तुमी चुकलात जी. हा शब्द हा नोहे."

"काहून? मी बरोबर लिहिलं."

"बाबाले विचारा वाटलं तं. इथं दुसरंच लिवलं हाय तुमी." आणि तिने तो चुकीचा शब्द अक्षर-अक्षर जोडत वाचून दाखवला. हेडगुरुजींनी फळ्याकडे वळून तो शब्द पुसला आणि बरोबर शब्द लिहिला.

परीक्षा सानगडीला झाली. परीक्षकांनी पुस्तकाबाहेरचा उतारा वाचायला दिला. तिने बोट ठेवून हळूहळू वाचला. परीक्षकांनी माझ्याकडे 'मंद आहे' अशा नजरेने पाहिलं. ती जेमतेम गुणांनी पास झाली.

निकाल सांगायला आम्ही दोघे गेलो तर बाप खूश दिसेना. घरी त्याने तिच्याकडून वाचून घेतलं होतं. "गुरुजी, पैले पूरं पुस्तक धडाधड म्हने. आता दर शब्दाले अडखळते. अन् तुमी म्हनता सुधरली?"

हेडगुरुजी म्हणाले, "पहिले तुझ्यासारखी म्हणत होती. आता वाचून राहिली, म्हणून अडखळते."

त्याने पोरीला हाक मारली, पुस्तक आणायला लावलं आणि तिच्या शेजारी बसून तिचं बोट कसं सरकतं ते पाहिलं. एका शब्दाशी ते बराच वेळ थांबलं. तो शब्द त्याला पाठ असावा, कारण त्याचे ओठ हलले. पण तो बोलला नाही. तिलाच म्हणू दिलं.

"जाऊ द्या मंग सानगडीले," तो म्हणाला.