बटणांमधली पांदण

पॅनलचं चित्र उलटं काढावं लागतं. पारदर्शक प्लास्टिकच्या शीटला शाई मागून लावतात, म्हणजे वरून कितीही बोटं घासली तरी अक्षरं जात नाहीत. म्हणून ‘चालू’ हा शब्द मी आयुष्यातली कितीतरी वर्षं आरशात दिसावा तसा लिहिला. आता काम सोडलं, नातवंडं झाली, तरी दुपारी डोळा लागला की वाशीमच्या बाजारातल्या पाट्या मला उलट्या दिसतात. मी त्या सरळ करायला जात नाही. तशाच वाचत वाचत पुढे जाते, आणि रस्ता काही संपत नाही.

धान्यातला ओलावा मोजायचं यंत्र, माती तपासायचं यंत्र, दुधाचं यंत्र. त्यांच्या तोंडावर सपाट चिकटवलेली बटणांची पट्टी असते ना, ती मी आखायची. प्रत्येक यंत्राची वेगळी. वरून एकच गुळगुळीत कातडं दिसतं, पण आत पापुद्रे असतात. वर रंगीत शीट. तिच्याखाली दोन्ही बाजूंनी चिकट असलेला थर, त्याला बटणांच्या जागी भोकं. सगळ्यात खाली चांदीच्या शाईच्या रेषा. भोकात पत्र्याची इवलीशी वाटी पालथी बसवायची. बोटाने दाबली की ती ‘कट्’ करून बसते, सोडली की उठते.

हे मी आता असं मऊ सांगते आहे. तेव्हाची मी मऊ नव्हती. कॉम्प्युटरवर आराखडे काढायचा कोर्स केलेली, गावातली एकटीच, आणि ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय जेवण न जाणारी. चष्मा लावायची, त्याला सोनेरी साखळी. चष्म्याला नंबर नव्हता. डोळे ठणठणीत होते, साखळी मिरवायची होती. ती बाई आज समोरून आली तर मी रस्ता बदलणार नाही. आधी चष्मा काढून घेईन, मग बोलेन.

काम होतं स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मालकाला सगळे चाचा म्हणायचे. आधी ते लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापत. मग वाशीमच्याच एका यंत्रं बनवणाऱ्याने पॅनल छापून मागितली आणि चाचा त्यात शिरले. आराखडा माझा, छपाई त्यांची. शेडमध्ये शाईचा वास असा दाट असे की दुपारी चार वाजता वाटे, आपण सगळे पाण्याखाली आहोत आणि पंखा वरून हळूहळू वल्हं मारतो आहे.

माझी नणंद कामरगावला बियाणं तपासणाऱ्या एका लहानशा खाजगी लॅबमध्ये होती. मी तिला ताई म्हणते, वयाने ती माझ्याहून लहान असली तरी. नवऱ्याचं घर सोडून आल्यावर तिने ती नोकरी मिळवली होती आणि तिथेच खोली घेतली होती. आमच्याकडे रविवारी यायची. पाहुणी म्हणून येई, भांडून जाई. कायमचं राहायला येणं तिला मंजूर नव्हतं.

आणि तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं हळूहळू सगळं गेलं. नळीतून बघावं तसं. ओलावा मोजायच्या जुन्या यंत्राला मोठाल्या फिरवायच्या मुठी होत्या, त्यावर ती हाताने भागवून घेत होती. मग लॅबच्या मालकाने नवं यंत्र सांगितलं आणि तिला स्पष्ट म्हणाला, “नवं चालवता आलं त खुर्ची तुमचीच ताई. नाई त मले दुसरं माणूस पाहा लागीन.” माणूस वाईट नव्हता. पेरणीच्या आधी शेतकऱ्यांची बियाण्याची रांग लागते, त्याला आकडे बरोबर हवे होते.

ते यंत्र वाशीमलाच होत होतं. त्याचं पॅनल आमच्या शेडमध्ये आलं, म्हणजे माझ्या टेबलावर आलं.

“ताई, काही काळजी करू नका,” मी म्हटलं. “असं पॅनल करते की लॅबमध्ये सगळे बघत राहतील.”

सगळे बघत राहतील! जिला दिसत नाही तिच्यासाठी मी असं पॅनल करणार होते. मी केलंही. पैठणीच्या पदरासारखी सोनेरी काठाची पट्टी, जांभळ्यातून गुलाबीत उतरत जाणारा रंग, कोपऱ्यात कमळ. बटणं अशी सपाट आणि अशी एकजीव की मलाच शोधावी लागत. रविवारी नमुना ताईसमोर ओट्यावर ठेवला. तिने तो डोळ्यांसमोर धरला, मान सावकाश इकडून तिकडे फिरवली.

“लय सुंदर हाय,” ती म्हणाली. “पन मले एकच फूल दिसून राह्यलं. बटन कुठी हाय?”

“त्या फुलाच्या बाजूलाच.”

“बाजूलाच त माह्या डोळ्याले काही नाई ना वो वहिनी. आकडा पाहाले गेलं त बटन जाते, बटन धुंडाले गेलं त आकडा जाते.”

“मग फूल काढून टाकते.”

“फूल राहू द्या ना बापा. बटन द्या.”

असं म्हणून तिने कपाळावरची टिकली काढली आणि नमुन्याच्या बरोबर मध्ये चिकटवली. डोळे मिटले, बोटाने टिकली शोधली आणि तिथून अंगठा चार कोपऱ्यांना लावून परत आणला. “हे असं,” म्हणाली. “एक ठिकाना सापडला की बाकीचं मी पाहून घेईन.”

तेव्हाच्या मला काय वाटलं सांगू? माझ्या कमळाशेजारी टिकलीचा डिंक लागला याचं वाईट वाटलं. ओल्या फडक्याने पुसत बसले होते मी.

पण दुसऱ्या दिवशी बसले कामाला. फूल गेलं, काठ गेला. चार कोपऱ्यांत चार बटणं, मधलं पाचवं, पाचही जागी शीट मागून दाबून वर उचललेली, प्रत्येकाखाली पत्र्याची वाटी, आणि मधल्यावर टिकलीएवढा उंचवटा. आकड्याची खिडकी मोठी. हे सगळं ठीक होतं. पुढे मात्र माझी हौस आडवी आली. कामरगावची धूळ, बियाण्याचा भुसा, म्हणून मी मधला चिकट थर कुठेही फट न ठेवता आखला. प्रत्येक बटण आपापल्या खोलीत पक्कं कोंडलेलं.

“सब तरफ से बंद?” चाचांनी विचारलं.

“धुळीचा कण जाणार नाही, चाचा.”

“भाभी, मैं तो पत्रिका छापनेवाला आदमी. आप बोली तो बंद.” आणि त्यांनी तसं करून दिलं. त्यांचंही ते पहिलंच उठावाचं काम होतं.

यंत्र घेऊन मी स्वतः निघाले. वैशाखातली दुपार, कामरगावच्या जीपमध्ये खिडकीची जागा, मांडीवर खोका, खोक्याचं झाकण उघडं. झाकण उघडं का? लोकांनी पाहावं म्हणून. ऊन सरळ पॅनलवर. मी चष्म्याची साखळी सारखी करत बाहेर बघत होते. शेजारी एक म्हातारी होती, टोपली घेऊन. तिने बराच वेळ माझ्या मांडीकडे पाहिलं.

“बाई, काय हाय वो त्याच्यात? पापड हायेत का?”

“यंत्र आहे आजी.”

“असंन. पन फुगून राह्यलं ते.”

मी खाली पाहिलं. पाचही बटणं तव्यावरच्या पोळीसारखी टम्म झाली होती. जीपमध्ये मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “उलटवा लवकर, नाई त जळन!” सगळी जीप हसली. मी झाकण लावलं. आत ती फुगतच राहिली असणार.

लॅबमध्ये मालक उभाच होता. सोयाबीनचं बी यंत्राच्या पेल्यात ओतलं. ताईने नजर आकड्याच्या खिडकीवर ठेवली आणि हात खाली सोडला. टिकली सापडली नाही, कारण सगळंच टिकलीसारखं फुगलेलं होतं. तिने एक बटण दाबलं. ‘कट्’ झालंच नाही, बोट नुसतं उशीत रुतलं. लागलं की नाही कळेना म्हणून परत दाबलं. यंत्राने दोनदा घेतलं आणि भलतंच काही सुरू केलं. तिसऱ्यांदा तिने अंगठ्याचा जोर दिला.

“ताई, राहू द्या,” मालक म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “पुढच्या बाजाराच्या दिवशी अजून एकदा पाहू. मंग मात्र मले ठरवा लागीन.”

यंत्र परत खोक्यात घालून मी निघाले, ताई मला जीपपर्यंत सोडायला आली. भिंतीच्या कडेने, माझा पदर धरून. कधी धरत नसे. जीप सुटताना खिडकीत तोंड घालून म्हणाली, “वहिनी, कनिक जास्त मळत जा आता. रोजची पाहुनी येऊन राह्यली तुमच्या घरी.”

हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही, तिलाही नाही.

परतीच्या वाटेवर मला झोप लागली. जीपची झोप ती, अर्धी उघडी. बाहेर उन्हाळ्यातली मोकळी वावरं, काळी, नांगरलेली, धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, चौकोनी कापलेली. डोळे मिटले की तीच वावरं आतून दिसत, पण जांभळी, पारदर्शक, आणि मी त्यातल्या एका वावरात उभी. चारही बाजूंनी धुरे. उंच होत चाललेले. मला घरी जायचं होतं. मी धुऱ्याच्या पलीकडच्याला हाक मारली, “रस्ता कुठे आहे?” तो म्हणाला, “आखलाच नाई तुमी.” जमीन माझ्या पायाखाली हळूच वर उचलली जाऊ लागली. फार छान वाटत होतं, तरंगल्यासारखं. मग जीप खड्ड्यात गेली.

जागी झाले तेव्हा बाहेर खरोखरची पांदण दिसली, दोन शेतांच्या मधून जाणारी, बाभळींच्या सावलीत, एक ट्रॅक्टर धूळ उडवत निघालेला. आमच्याकडे पांदणीवरून भावाभावांत बोलणं बंद होतं, इतकी ती मोलाची. वावर कितीही चांगलं असू दे, पांदण नसली तर माल आतच. आणि शेतकऱ्याच्या या लेकीने पाच वावरं आखली होती आणि एकालाही वाट सोडली नव्हती! बटणाखाली हवा होती. ऊन लागलं की ती वाढणार. जाणार कुठे बिचारी?

त्याच संध्याकाळी आराखडा बदलला. चिकट थरात बटणापासून बटणापर्यंत एक अरुंद वाट कापली, काडीएवढी. एक दाबलं की तिथली हवा शेजारच्याकडे जाईल. आणि शेवटची वाट यंत्राच्या पोटात मागे सोडली, जिथे धूळ पोचत नाही. चाचांनी तो थर उजेडाकडे धरून पाहिला.

“ये तो गली निकाली आपने.”

“पांदण आहे, चाचा.”

“सही है. हवा को भी घर जाना होता है.”

या खेपेला मी कोणावर विश्वास ठेवायला तयार नव्हते, स्वतःवर तर मुळीच नाही. आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्याच धोतरावर कुरडयांच्या रांगेत मी पॅनल ठेवलं, दगडाने दाबून. दर थोड्या वेळाने वर जाऊन बोट लावायचं. तळवे भाजत होते. कुरडया पांढऱ्या होत गेल्या, वाकल्या, खणखणीत झाल्या. पॅनल जसं होतं तसं. ‘कट्’. उन्हात एवढासा आवाज, पण स्वच्छ. शेजारीण तिच्या गच्चीवरून बघत होती. “काहून वो, कुरडईले बटन बसवलं का?” म्हणाली. मी चष्मा खाली विसरले होते, त्यामुळे तिला नीट उत्तर देता आलं.

बाजाराच्या दिवशी झाकण लावून, वर ओलं फडकं टाकून यंत्र नेलं. मालकाने पेल्यात बी ओतलं. ताईची नजर खिडकीवर. हात खाली उतरला, टिकलीवर थांबला. तिथून डावीकडे वर, कट्. उजवीकडे खाली, कट्. तिने मान हलवलीच नाही. आकडा उठला आणि तिने तो मोठ्याने वाचला. मालक वाकला, खिडकीत बघितलं, पेला रिकामा करून दुसऱ्या पोत्यातलं बी घातलं. परत तेच. मग तिसरं.

“बरोबर हाय,” तो म्हणाला आणि दाराशी जाऊन ओरडला, “तीन चहा!” मग आत न वळताच रांगेतल्या माणसांना म्हणाला, “या, ताईकडे या एकेक.”

ताईने माझ्याकडे तोंड वळवलं, मला नळीत धरलं. “टिकली जराशी डावीकडे गेली वो वहिनी.”

“पुढच्या खेपेला सरळ लावीन.”

“राहू द्या. सवय झाली.”

ती त्या खुर्चीवर पुढे कितीतरी हंगाम बसली. उठली तेव्हा स्वतःच उठली, आणि मग आमच्याकडे आली. तिने खोली निवडली आणि पहिल्याच दिवशी भांडण काढलं की पलंग माझा का मोठा. आता तिला समोरचंही दिसत नाही. मला खराच चष्मा लागला आहे, साखळीशिवाय. दुपारी कुलरच्या वाऱ्यात आम्ही दोघी शेजारी पडतो. मी उलट्या पाट्या वाचत कुठेतरी बाजारात गेलेली असते, आणि ती माझा हात ओढून घेते, बोटांची पेरं एकेक करून दाबते. माझी पेरं आता वाजतात.

कट्.

“हे चालू हाय अजून,” ताई म्हणते आणि पुढचं दाबते.